वर पाऊस कसा आहे?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरी, गगनबावड्याला गेले होते. चार दिवस सूर्य म्हणून दिसला नव्हता आणि शाळेला पावसाची सुट्टी पडलेली. घरात बसून बसून कंटाळलेल्या भाच्यानं थर्माकोलची एक पत्रावळ मोडली, बोटाएवढे तुकडे केले, निम्म्यांवर लाल स्केचपेननं फुली मारली, निम्म्यांवर निळ्या. लाल तुकडे घराच्या पुढच्या पागोळ्यांखाली सोडले, निळे मागच्या. मग आजीची छत्री घेऊन तो त्यांच्या मागनं चालत गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहरा चोर पकडल्यासारखा. "आत्या, दोन्ही एकाच गटारीत गेले. लालबी आणि निळेबी. मोरीखालनं ओढ्याला." जरा थांबला आणि म्हणाला, "मग आबा थापा मारत होते व्हय?"

मी भजी तळत होते. हसून वेळ मारून नेली. रात्री अंथरुणात मात्र ते वाक्य टाचेत मोडलेल्या काट्यासारखं सलत राहिलं.

आबा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमचं घर पश्चिमेकडं तोंड करून उभं आहे, त्यामुळं छपराचं एक पाखं पुढं कोकणाकडं उतरतं आणि दुसरं मागं, कोल्हापूरच्या अंगाला. पाहुणा आला की चहाआधी आबा त्याला अंगणात उभा करायचे आणि कौलांकडं बोट दाखवायचे. "हे पुढचं पाखं हाय न्हवं, ह्याचं पाणी जातंय विजयदुर्गाला. आणि मागच्याचं पार बंगालच्या उपसागराला. आमचं आढं म्हणजे हिंदुस्तानचं आढं." पाहुणा मान वर करून बघत राहायचा, जणू कौलांवर खरंच तशी रेघ मारलेली असावी. मला बघायला कणकवलीची मंडळी आली तेव्हाही आबांनी हेच ऐकवलं. माझे होणारे सासरे मिस्कील. ते म्हणाले, "मगे तुमचा अर्धा पाणी आमचाच मां!" लग्न तिथंच ठरलं, असं आई अजून सांगते.

गगनबावड्याला कोण कुठलं गाव म्हणतं हे सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. कोल्हापुरात कॉलेजला होते तेव्हा 'मी बावड्याची' म्हटलं की समोरचा विचारायचा, "कसबा बावडा? कुठल्या गल्लीत?" शहराला लागून असलेला तो बावडा म्हणजेच त्यांच्या लेखी बावडा. मग गगन जोडून सांगावं लागायचं, आणि ते ऐकलं की, "अरे, म्हणजे कोकणात!" इकडं सासरी मी एकोणीस वर्षं 'घाटावयली'. ज्या शब्दानं सासूबाई मला हाक मारत नाहीत, पण शेजारणीला माझी ओळख करून देतात, तो हाच. म्हणजे घाटावरचे आम्हाला कोकणात ढकलतात आणि कोकणातले घाटावर. मधे उरतो तो एक एसटी स्टँड, तहसील कचेरी, दवाखाना, चार हॉटेलं आणि धुकं. तालुक्याचं ठिकाण आहे म्हणून गाव म्हणायचं नाही, आणि शहर म्हणायला जीभ रेटत नाही. अख्ख्या तालुक्याची वस्ती २०११च्या शिरगणतीला ३५ हजारांच्या थोडी पुढं. कोल्हापुरातल्या दोन-तीन पेठांत तेवढी माणसं मावतात.

नावांचं मात्र मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. वर कड्याच्या काठावर गगनबावडा आणि घाट उतरलं की पायथ्याला भुईबावडा. एक आभाळातला, एक जमिनीवरचा. ज्यानं कुणी ही नावं ठेवली त्याला पूर्व-पश्चिम माहीत असेल-नसेल, वर आणि खाली नक्की माहीत होतं. आमच्याकडं दिशा दोनच. कणकवली, देवगड, राजापूर, मुंबईसुद्धा, सगळं 'खाली'. आता कोल्हापूरही खरं तर उतारालाच आहे, पाणी तिकडं वाहतं, पण कोल्हापूरला कुणी खाली जात नाही. कोल्हापूरला नुसतं 'जायचं' असतं. खाली म्हणजे कडा उतरून. सासरी आल्यावर पहिलं वर्षभर माझी एक गंमत व्हायची. बाजारात जाताना मी म्हणायचे, "खाली जाऊन येते," आणि सासूबाई गोंधळून माडीच्या जिन्याकडं बघायच्या.

आणि अंतर मोजायचं ते हॉर्नानं. करूळ घाटात वळणावळणावर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देतो. हवा आमच्या बाजूची असली की तो आवाज कड्यावरून उसळून थेट आमच्या परसात यायचा. पहिला हॉर्न ऐकू आला की आई चुलीतलं लाकूड पुढं सारायची, दुसऱ्याला आधण ठेवायची, आणि गाडी कड्यावर येऊन शेवटचा लांबलचक हॉर्न देईतो चहा गाळलेला असायचा, कारण आबांची शाळा काही वर्षं खाली करूळच्या बाजूला होती आणि ते संध्याकाळच्या गाडीनं यायचे. धुकं दाट असलं तर दोन हॉर्नांमधलं अंतर वाढायचं. तेवढ्यात आई काही बोलायची नाही, नुसती पातेल्यावरचं झाकण उघडायची आणि ठेवायची. त्या झाकणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या घरात कुणी काळजी दाखवली तर ती तेवढीच.

धुक्याबद्दल बाहेरचे लोक कौतुकानं बोलतात. शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येतात, घाटाच्या तोंडाशी कणीस खातात, ढगाबरोबर फोटो काढतात. त्यांचं खोटं नाही. पण ढग फोटोत आणि ढग माजघरात ह्यांत फरक आहे. जून ते सप्टेंबर घरातली एकही वस्तू पूर्ण वाळलेली नसते. बरणीतलं मीठ पाणी धरतं. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. आबांची पुस्तकं भाद्रपदात उन्हात घालायचो तेव्हा पुठ्ठ्यांवर हिरवट मखमल आलेली असायची, बोट फिरवलं की बोटाला भूगोलाचा वास. चुलीवरच्या दांडीवर कपडे वाळत, त्यामुळं आमच्या गणवेशाला धुराचा वास यायचा. सगळ्यांच्याच यायचा, म्हणून तो कुणाला यायचा नाही. पहिल्यांदा कळलं ते कोल्हापूरच्या वसतिगृहात, खोलीतल्या मुलीनं माझी पेटी उघडल्यावर विचारलं तेव्हा, "तुमच्याकडं आग लागली होती का गं?" वर्गात खिडकीतून ढग आत शिरायचा आणि मागच्या बाकावरून फळा दिसेनासा व्हायचा. बाई तशाच शिकवत राहायच्या. मला वाटतं पाढे मी ऐकूनच पाठ केले, बघून नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरोळच्या बाजूला, वर्षाला ५००–६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडं तोच आकडा ६,००० च्या घरात जातो. एकाच जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. समुद्रावरून आलेला ढग कड्याला धडकतो, चढतो, गार होतो आणि जे काय आणलंय ते आमच्या डोक्यावर रिकामं करून हलका होऊन पुढं जातो. सासूबाईंचं निरीक्षण ह्याहून बरं आहे. कणकवलीत सर थांबली की त्या म्हणतात, "हयसून गेलो पाऊस, आता तुझ्या म्हायेराक पोचतलो." बरोबर तासाभरानं भावाचा फोन येतो, की लाईट गेली.

आणि एवढं असून एप्रिलमध्ये आमच्या वाडीतल्या बायका घागर घेऊन झऱ्याला रांगेत. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. पण उतारच असे आहेत की पाणी थांबायला जागा नाही. वरचे सडे म्हणजे उघडा जांभा, पावसाळ्यात त्यावर पाण्याची डबकी आणि बोटभर उंचीची निळी-पिवळी फुलं, मार्चपासून तव्यासारखा तापलेला. आई म्हणते, आमच्या गावाचा हात सढळ आहे, पण मूठ मिटत नाही. कुंभी नदीवर लखमापूरला धरण झालं, त्याचं पाणी खालच्या गावांना मिळतं, ऊस होतो. आम्ही पाणी तयार करणारे. वापरणारे दुसरे.

पावसाळ्यात गाव दोन्हीकडून बंद होतं. एकीकडं घाटात दरड येते, दुसरीकडं मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी कोल्हापूरच्या रस्त्यावर चढतं. वरून माती, खालून पाणी. लहानपणी ह्या दिवसांत मला विलक्षण आनंद व्हायचा, गाव बेट झाल्यासारखं. एसटी स्टँडवर मुक्कामाला अडकलेले ड्रायव्हर-कंडक्टर पत्ते खेळत बसायचे आणि आम्ही पोरं त्यांच्याकडं परदेशी पाहुण्यांसारखे बघायचो. आता आईचं वय झालंय. आता तोच बंद रस्ता पोटात गोळा आणतो. २०२४च्या जानेवारीत करूळ घाट काँक्रीटच्या कामासाठी बंद केला तो वर्षाहून जास्त बंद राहिला. लहान गाड्या भुईबावडा घाटानं जायच्या, तो आधीच अरुंद; पावसात तिथंही दगड यायचे. ज्या माहेरी मी सकाळी भाजी टाकून जाऊन रात्री परत येत होते, तिथं जायला आठ-आठ दिवस ठरवावं लागायला लागलं. नकाशावर काही हललं नव्हतं. आई फोनवर म्हणाली, "लांब पडलीस गं." मी जिथं होते तिथंच होते.

तसं हे घाट काही आज-काल झालेले नाहीत. गगनगड बांधण्याचं श्रेय शिलाहारांच्या दुसऱ्या भोजाला देतात, म्हणजे बाराव्या शतकाची अखेर. कड्यावर किल्ला बांधायचा तो वाटेवर नजर ठेवायला. पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याकडं बावडा आला, म्हणून ते पंत अमात्य बावडेकर. आज्ञापत्रात गडकोटांबद्दल इतक्या बारकाईनं लिहिणाऱ्या पंतांच्या वारसांना नेमकी ही पावसाची जहागीर मिळावी, ह्याची आबांना फार गंमत वाटायची. गडावर आता गगनगिरी महाराजांचा मठ आहे, गैबी पीर आहे, आणि संध्याकाळी वारा असा असतो की साडी सांभाळावी की पोर हे ठरवावं लागतं. लहानपणी सगळे सांगायचे, की स्वच्छ दिवशी वरून समुद्र दिसतो. मी शंभर वेळा तरी चढले असेन. एक चमकती रेघ दिसल्यासारखी वाटायची, मग तो कुणाच्या तरी घराचा पत्रा निघायचा. तरी "दिसला का?" म्हटलं की "दिसला" म्हणायचो.

आता लिहिताना लक्षात येतं, की ह्या गावात आबा एकटेच तसं बोलत नव्हते.

माझी एक आत्या शिरोळ तालुक्यात दिली आहे, नृसिंहवाडीपासून जवळ. काळी जमीन, सपाट, क्षितिजापर्यंत ऊस. तिला आमचा डोंगर कधी आवडला नाही. "तिथं मान दुखती बघून बघून," असं म्हणायची. पण पावसाळ्यात ती आम्हाला फोन करते आणि ख्यालीखुशालीच्या आधी विचारते, "वर पाऊस कसा आहे?" कारण आमच्या ओढ्याचं पाणी कुंभीत, कुंभी पुढं जाऊन चिखलीच्या प्रयागाला पंचगंगा होते, पंचगंगा कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून पुढं सरकते आणि आत्याच्या गावाशेजारी कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ला धोका, हे आकडे कोल्हापूरकराला जन्मतारखेसारखे पाठ असतात. आत्या मात्र त्या आकड्यांवर विसंबत नाही. तिला आमच्या अंगणातली बातमी लागते. शिरोळात ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं, हे तिचं जगणं आहे.

२०१९च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली. आत्याचं घर पाण्यात गेलं. तिला बोटीतून काढलं, शाळेत ठेवलं, तिथून कुणाच्या तरी फोनवरून तिनं भावाला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "तुमचं पाणी आलं रे माझ्या माजघरात." भाऊ गप्प. काय बोलणार? आठ दिवस आम्ही त्या पावसाला कंटाळलो होतो, भिजलेल्या गोवऱ्यांवर चिडलो होतो, त्यापलीकडं आमचं काही गेलं नव्हतं. पुढं कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं नाव निघालं, भांडणं झाली, ती चालूच आहेत, त्यात मला पडायचं नाही. मला एवढंच आठवतं, की पूर ओसरल्यावर आम्ही तांदूळ आणि चादरी घेऊन गेलो तेव्हा भिंतीवर छातीपर्यंत एक सरळ तपकिरी रेघ होती, देवाच्या फोटोच्या मधून गेलेली. आबा त्या रेघेसमोर बराच वेळ उभे होते. त्यानंतर ते तीनेक वर्षं होते, पण पाहुण्यांना अंगणात नेऊन कौलं दाखवल्याचं मला आठवत नाही. मागच्या पाख्याचं पाणी कुठं जातं ते त्यांनी बघितलं होतं.

ही गोष्ट भाच्याला सांगावी असं वाटलं होतं. सांगितली नाही. बारा वर्षांच्या पोराला ती कुठल्या तोंडानं सांगायची?

त्याऐवजी दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर उरलेले तुकडे खिशात घालून आम्ही दोघं घाटाच्या तोंडाकडं चालत निघालो. आढं घरावर नाही तर मग आहे कुठं, हे बघायला. माझी कल्पना होती, काहीतरी ठसठशीत असणार, एखादा सुळका, निदान चढ. तसलं काही नाही. रस्त्याच्या कडेला एक जागा अशी, की गटारीतलं पाणी नुसतं उभं होतं. दहा पावलं मागं ते गावाकडं सरकत होतं. दहा पावलं पुढं खळखळत कड्याकडं. मधे बंद असलेली एक चहाची टपरी, भिजलेलं गवत आणि एक म्हैस रवंथ करत. हिंदुस्तानचं आढं. भाच्यानं तिथं एक लाल तुकडा सोडला. तो हलेना. वारा आला तसा थोडा गावाकडं गेला, मग परत आला. आम्ही उकिडवे बसून बघत होतो. म्हशीनंही बघितलं. शेवटी त्यानं कंटाळून तो तुकडा उचलला आणि पुढं, खळखळत्या पाण्यात सोडला. एका वळणात दिसेनासा झाला.

परत येताना मी त्याला मला माहीत असलेलं थोडं सांगितलं. इथून विजयदुर्गाची खाडी सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूचा समुद्र नदीवाटेनं हजाराच्या वर. पश्चिमेचं पाणी थोडक्या वाटेत चार-पाचशे मीटर कोसळतं, म्हणून त्याला धार आहे. कुंभीला घाई नाही. त्या धारेनं कोकणाकडचे ओढे कड्याला मागून मागून खातात, दगड ढिला करतात, दरडी पाडतात, आणि सह्याद्रीचा काठ पूर्वेकडं सरकत राहतो. लाखो वर्षांचा हिशोब आहे, पण सरकतो. त्याबरोबर पाण्याची ती रेघही. तो थबकला. डोक्यात काहीतरी मोजत होता.

"म्हणजे आपल्या घरापर्यंत येणार?"

"येईल की. घर असलं तर."

"म्हणजे आबा जरा लवकर बोलले," तो म्हणाला आणि छत्री फिरवत पुढं पळाला.

ऑगस्टच्या शेवटी, कणकवलीत. रात्री साडेनऊला शिरोळच्या आत्याचा फोन. तिचं वय आता पंच्याहत्तरच्या पुढं, आवाज बारीक झालाय. "वर पाऊस कसा आहे गं?" मी एकोणीस वर्षं खाली राहते. तिला ते माहीत आहे, माझ्या लग्नात करवलीला साडी तिनंच नेसवली होती. तरी ती मलाच विचारते आणि मीही कधी दुरुस्त करत नाही. "थांब, बघून सांगते," म्हटलं आणि भावाला लावला. फोन भाच्यानं उचलला. विचारलं तर म्हणाला, "एक मिनिट," आणि फोन खिडकीत ठेवून बाहेर गेला. मला कौलांवरचा आवाज ऐकू येत होता, त्यामागं आईचं कसलंसं बोलणं, एक भांडं. बऱ्याच वेळानं तो परत आला. धापा टाकत होता.

"आत्या, पुढचं पाखं जोरात हाय. मागचं जरा कमी झालंय."

तेवढं ऐकून मी शिरोळला फोन लावला.